तीन सुपाऱ्या आणि एक भुयार

मी आयुष्यात एकही खेळ हरले नाही. जे हरले ते मुळात खेळच नव्हते, असं माझं आजही ठाम मत आहे! सोंगट्या घ्या, सागरगोटे घ्या, नाहीतर पल्लांगुळीच्या चौदा खळग्यांतले चिंचोके घ्या. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत माझ्यासमोर पट मांडून बसायला बायका घाबरायच्या. त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या एका खोक्यावर 'हा खेळ पाच जणांपेक्षा कमी माणसांनी खेळू नये' असं छापलेलं वाचलं, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हे लिहिणारा माणूस कधी तंजावूरला आलेला दिसत नाही!

ही गोष्ट पंचाण्णव सालची. बाजार उघडले होते, आणि उघडलेल्या बाजारातून काय काय घरात शिरत होतं! गल्लीत केबलच्या काळ्या वायरी वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबत होत्या. मारुतीच्या देवळाशेजारी एस.टी.डी. बूथ निघाला होता. आमच्या घरात मात्र एक रेडिओ आणि आम्ही दोघं. आमचे हे, म्हणजे रघुराम, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यांची दारं उघडून आणि मिटून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगा साईराम अमेरिकेत. त्याची मुलगी कीर्तना, वय वर्षं दहा, माझी एकुलती एक नात.

आणि या नातीवरून माझं आणि मद्रासच्या विहीणबाईंचं, भवानीबाईंचं, एक मूक युद्ध चाललेलं होतं.

आदल्या खेपेला कीर्तना तीन आठवडे आली. त्यातले अठरा दिवस मद्रासला भवानीबाईंकडे, कारण तिथे केबल, तिथे ए.सी., तिथे आइस्क्रीम. आमच्याकडे तीन दिवस, आणि त्यातले दोन पोट बिघडल्यामुळे न्हाणीघरात! निघताना पोरगी मला म्हणाली, "बाय, तंजावूर आजी." 'आजी'च्या आधी गाव लावलं की नातं कसं पोस्टाच्या पत्त्यासारखं वाटतं.

या वेळी मात्र खोक्यासोबत तिचं पत्र आलं होतं. इंग्रजीत. ह्यांनी चष्मा लावून खात्याचं परिपत्रक वाचावं तसं वाचून दाखवलं. 'तंजावूर आजी, हा माझा सगळ्यांत आवडता खेळ. तू आणि आजोबांनी शिकून ठेवला, तर मी चौदा दिवस तंजावूरला राहीन. प्रॉमिस. फसवायचं नाही हं.'

चौदा दिवस! मी त्याच संध्याकाळी नवी गादी भरायला टाकली आणि मुरुकूचे, म्हणजे आमच्याकडच्या चकल्यांचे, दोन डबे तळले.

खोका उघडला. आत जाड पुठ्ठ्याचं एक भुयार. त्यात खोल्या, दारं, जिने. करंगळीएवढे काळे सांगाडे पंचवीस. एक चेटकीण. चार वीर: एक जादूगारीण, एक तिरंदाज, एक तलवारवाला आणि एक बुटका कुऱ्हाडवाला. खेळ असा, की एक माणूस भुयाराचा धनी. नकाशा त्याच्याकडे, सांगाडे त्याचे. उरलेल्या चौघांनी एकेक वीर घ्यायचा, फासे टाकायचे आणि एकेक दार उघडत खाली खाली जाऊन चेटकिणीला मारायचं. नियमांचं पुस्तक चौसष्ट पानांचं. आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवायलासुद्धा इतकं वाचलं नव्हतं!

"चार वीर, एक धनी. पाच माणसं," हे म्हणाले. "आपण दोघं. खेळता येणार नाही. नियम सात."

"शेजारच्यांना बोलवू या की!"

असं मी म्हणाले खरं, पण लगेच जीभ चावली. शेजारी म्हणजे हिराबाई. गल्लीत घरी फोन असलेली एकमेव बाई, आणि भवानीबाईंची मावसबहीण! हिराबाईंच्या कानावर गोष्ट गेली की ती कॉफी गाळून होण्याच्या आत मद्रासला पोचलीच. आणि मद्रासच्या बर्मा बाजारात परदेशी काय मिळत नाही? भवानीबाई दुसऱ्या दिवशी दोन खोके घेऊन बसल्या असत्या!

"कुणालाही सांगायचं नाही," मी म्हटलं. "खिडक्या लावून घ्या."

"पण माणसं?"

समोर देव्हाऱ्यात नुकतीच झालेली पूजा दिसत होती. गणपतीच्या जागी सुपारी. वरुणाच्या जागी सुपारी. नवग्रहांच्या जागी नऊ सुपाऱ्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

"अहो, साक्षात शनी जर सुपारीवर येऊन बसतो, तर एक खेळाडू बसणार नाही?"

हे विचारात पडले. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज त्यांच्यापुढे आला नव्हता. शेवटी म्हणाले, "शास्त्राला धरून आहे. पण मग रीतसर आवाहन हवं. नाव घेऊन अक्षता टाकल्याशिवाय सुपारी ही फक्त सुपारी. आणि एकदा आवाहन केलं की विसर्जन होईपर्यंत हलवायची नाही."

झालं! मधल्या खोलीत भुयार मांडलं. तीन पाट, तीन विड्याची पानं, तीन सुपाऱ्या. जादूगारीण मी स्वतः. बाकीच्या तिघांना नावं हवीत, कारण नियम बावीस असा, की कुठलंही दार उघडण्याआधी चारही वीरांनी मोठ्याने सल्लामसलत केली पाहिजे. म्हणजे तिघांसाठी मीच बोलणार. मग ज्यांचे आवाज मला हुबेहूब काढता येतात अशी माणसं निवडली. तलवारवाला म्हणजे कुंभकोणमची माझी थोरली बहीण सुंदरी. ती ठार बहिरी, म्हणून ओरडून बोलते. कुऱ्हाडवाला म्हणजे शाळेतले आमचे हेडमास्तर कृष्णस्वामी, घोगरे. आणि तिरंदाज...

"तिरंदाज भवानी!" मी अक्षता टाकून म्हणाले.

"विहीणबाई?" हे दचकले.

"त्यांच्यासारखा नाकातला आवाज मला झोपेतही काढता येतो."

आता आमचा खेळ कसा चालायचा ते ऐका. नकाशा मला दिसू नये म्हणून हे काळी छत्री उघडून तिच्याआड बसायचे. आत कालव्याचा अधिकारी जसाच्या तसा!

"दार क्रमांक तीन उघडण्याचं कारण?" छत्रीतून आवाज.

"आत खजिना असेल म्हणून!"

"असेल, हे कारण होत नाही. सल्लामसलत?"

मग मी सुंदरीच्या आवाजात ओरडायची, "फोडा दार!" हेडमास्तरांच्या आवाजात घोगरायची, "आधी खिडकीतून बघा." आणि नाकातून म्हणायची, "आमच्या मद्रासला असली दारंच नसतात बाई!"

त्या नाकातल्या आवाजात मला जरा जास्तच मजा यायची, हे कबूल करते. आणि का कोण जाणे, फासेसुद्धा त्या सुपारीच्याच मुळावर उठले होते. तिसऱ्या दिवशी सहा सांगाड्यांनी मिळून तिरंदाजाला गाठलं.

"भवानीचा डावा हात निकामी!" छत्रीतून निकाल आला.

"अजून एक फासा टाका. पाय शाबूत आहेत का बघू."

"पाय शाबूत. पण विष चढलंय. तीन डावांत उतारा नाही मिळाला तर भवानी खलास!"

"होऊ दे! तोवर आपण पुढची खोली मारू!"

नेमक्या त्याच वेळी हिराबाई विरजण मागायला मागच्या दाराने आल्या होत्या. मागचं दार लावायचं मी विसरले होते! स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाटी आपटल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. हिराबाईंनी काय पाहिलं असेल, याचा विचार मी पुढे खूप वर्षं केला. खिडक्या बंद. घरात उघडी छत्री. पाटांवर नाव घेऊन बसवलेल्या सुपाऱ्या. आजूबाजूला काळे सांगाडे. आणि महिना आडीचा, आमच्याकडे देवीचा आणि करणी-बाधांचाही!

"या ना हिराबाई," मी घाईघाईने पदराने भुयार झाकत म्हणाले. "हे आमचं... आपलं... काही नाही!"

"मी काही पाहिलं नाही, कमलाक्का!" असं म्हणत हिराबाई उलट्या पावलांनी न्हाणीघराच्या भिंतीला धडकून, विरजण न घेताच गेल्या. मला वाटलं, सुटले! खेळ त्यांच्या लक्षात आला नाही.

पुढचं मला नंतर कळलं. हिराबाईंनी घरी जाऊन थेट मद्रासला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "भवानी, तुझा डावा हात बरा आहे ना?"

आणि देवाची करणी बघा! त्याच सकाळी भवानीबाईंच्या हातून इडलीचं मोठं पातेलं निसटलं होतं आणि डावं मनगट लचकलं होतं!

"तुला कसं कळलं?" भवानीबाई किंचाळल्या.

"आता पाय सांभाळ. पायांवर येणार आहेत!"

तीन दिवसांनी कीर्तना आणि माझी सून कविता मद्रासला उतरल्या. कविताला तिथे दात दुरुस्त करून घ्यायचे होते. अमेरिकेतली माणसं दात आपल्याकडेच दुरुस्त करतात, तिकडे म्हणे एका दाताच्या खर्चात इकडे सगळी कवळी येते. तिने रविवारी कीर्तनाला आमच्याकडे सोडायचं ठरलं होतं. शनिवारी हिराबाई तिण्णैच्या खालूनच, म्हणजे ओट्यावर पाय न ठेवता, म्हणाल्या, "मद्रासचा फोन होता. पोरीला तंजावूरला पाठवणार नाहीत."

"का?"

"ते तुम्हालाच माहीत, कमलाक्का!" आणि गेल्या.

मी मटकन बसले. नवी गादी उन्हातून काढून आणून ठेवली होती, तिच्यावरच बसले. मुरुकूचे डबे समोर. चौदा दिवस! एक तरी दिवस मिळेल का आता? पण मी रडणारी बाई नव्हे. रडले, पण ते स्वयंपाकघरात, कांदा चिरताना. हिशेबात धरत नाही.

"त्यांना खेळाचं कळलं," मी ह्यांना म्हणाले. "बर्मा बाजारातून आणला असणार. म्हणून पोरगी तिकडेच राहतेय."

"मग आता?"

"आता आपण चेटकिणीला मारायचं! आजच्या आज! आणि पोरीला तार करायची, 'खेळ जिंकला, ये.' दोघांनी जिंकला म्हटल्यावर ती धावत येईल!"

रविवारी सकाळपासून आम्ही बसलो. अकरापर्यंत तिसऱ्या तळघरात. जेवणं त्याच खोलीत उरकली. दोन वाजले. चेटकीण दोन दारांवर. भवानीची सुपारी विषातून वाचली होती, आणि चेटकिणीला लांबून मारू शकणारी तीच एकटी! म्हणजे ज्या बाईपासून पोरगी सोडवायची, तिच्याच बाणावर माझी सगळी भिस्त!

"भवानीची पाळी!" मी फासे खुळखुळवले.

छत्रीआडून एक ओळखीचा आवाज आला. कट्ट!

जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी कातरायची ह्यांची तीस वर्षांची सवय. डोळे नकाशावर, छत्री खांद्याला टेकवलेली. हात छत्रीखालून पानाच्या तबकाकडे गेला आणि तबकाऐवजी पाटावर पडला!

मी छत्री बाजूला ओढली. पाट रिकामा! ह्यांचा गाल फुगलेला!

"अहो, काय केलंत हे!" मी अशी किंचाळले की बाहेरचे कावळे उडाले. "भवानीला खाल्लंत!"

"अं?"

"भवानीला चावून खाल्लंत! चेटकिणीच्या दारात! थुंका! थुंका आधी!"

ह्यांनी सावकाश चावत जरा विचार केला. "तरीच," म्हणाले. "बाहेरून टणक, आतून किडकी निघाली."

पाठीमागे काहीतरी धपकन पडलं आणि घरंगळत आलं. लिंबं! एक, दोन, दहा, वीस लिंबं! भुयाराच्या पहिल्या खोलीत लिंबू शिरून तीन सांगाडे आडवे झाले. मी वर पाहिलं.

दारात भवानीबाई उभ्या होत्या. डाव्या मनगटाला पट्टी, कपाळभर अंगारा, हातात फाटलेली पिशवी. त्यांच्या मागून हिराबाई डोकावत होत्या. भवानीबाई पहाटेच्या बसने मद्रासहून निघून आठ तास बसून आल्या होत्या, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की केलेली करणी ज्याची त्यानेच उतरवावी लागते.

"ऐकलंस ना हिरा?" भवानीबाई अगदी बारीक, नाकातल्या आवाजात म्हणाल्या. "मला खाल्लंन्. किडकी म्हणालेत!"

"विहीणबाई, ते तुम्हाला नव्हे, सुपारीला..."

"माझं नाव घेऊन बसवलेली सुपारी! हिराने सगळं सांगितलंय. हात घेतलात, विष चढवलंत, आता चावून गिळलंत! मी काय केलं होतं तुमचं?"

खरं सांगायचं तर, काय केलं होतं त्यांनी? माझी नात अठरा दिवस ठेवून घेतली होती, एवढंच.

तेवढ्यात दोघींच्या मधून वाट काढत एक पोरगी आत घुसली. जीनची अर्धी चड्डी, पाठीला दप्तर. कीर्तना! मद्रासच्या आजीला एकटं जाऊ देणार नाही म्हणून हट्टाने सोबत आली होती. तिने पाट पाहिले, छत्री पाहिली, भुयारावर ओणवी झाली आणि तिचे डोळे बशीएवढे झाले.

"तंजावूर आजी! लेव्हल थ्री? तू आणि आजोबा? ओन्ली टू पीपल?"

"दोघं नाही, पाच," हे सुपारी चावत म्हणाले. "नियम मोडलेला नाही."

"हे सुपारी प्लेअर आहे?" कीर्तनाने एक सुपारी उचलू पाहिली.

"हलवू नकोस! आवाहन झालंय!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मग पोरीने तिच्या अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत आणि पाऊण हातवाऱ्यांत मद्रासच्या आजीला समजावलं. सांगाडे प्लॅस्टिकचे. चेटकीण प्लॅस्टिकची. हा खेळ तिनेच पाठवला. हसून हसून ती पाटावर आडवी झाली. हिराबाई हळूच एकेक लिंबू गोळा करू लागल्या.

भवानीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भुयाराकडे बघितलं. तिरंदाजाकडे बघितलं.

"ही मी?"

"हो," मी म्हणाले.

"आणि माझाच हात का आधी गेला?"

"फासे, विहीणबाई. माझ्या हातात काय?"

"फासे कोण टाकत होतं?"

भवानीबाईंनी पट्टी घट्ट केली, पदर खोचला आणि माझ्या डोळ्यांत बघत त्या रिकाम्या पाटावर येऊन बसल्या. "सुपारी नको. मी स्वतः खेळते."

लगेच ह्यांनी उरलेल्या दोन सुपाऱ्यांचं रीतसर विसर्जन केलं. सुंदरीच्या जागी कीर्तना बसली, हेडमास्तरांच्या जागी हिराबाई. पाच माणसं पुरी! नियम सात तृप्त झाला. आणि मी मनात म्हटलं, कमलाक्षी, शेवटी जिंकलीस! पोरगी तुझ्या घरात, तुझ्या पाटावर!

भवानीबाईंनी पहिलाच फासा टाकला. एक पडला. नियम एकोणतीस: तिरंदाजाला एक पडला तर बाण पुढे उभ्या असलेल्या आपल्याच माणसाच्या पाठीत घुसतो.

पुढे मी उभी होते.

"अय्यो, चुकून हं!" भवानीबाई म्हणाल्या. तो एक कसा पडला, याबद्दल माझ्या मनात एक शंका आहे. मी ती बोलून दाखवत नाही.

"जादूगारीण मृत. गोंधळात चेटकीण खालच्या तळघरांत पसार," छत्रीने जाहीर केलं. "मृत खेळाडूने पुढच्या तळघरापर्यंत बाहेर बसावं."

बाहेर म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात! चार जण खेळतायत, त्यांना कॉफी कोण करणार? मग डाळींच्या जाड डोशांसारखे अडै, मग सांबार, मग पुन्हा कॉफी. पुढचं तळघर आलं तेव्हा मी पीठ वाटत होते. बाहेरून कीर्तनाचा आवाज आला, "तंजावूर आजी, कम फास्ट! तुझी पाळी!" माझे हात पिठात. आले नाही म्हटल्यावर तिने काय केलं असेल? तबकातून एक सुपारी घेतली, माझ्या पाटावर ठेवली, दोन अक्षता टाकल्या आणि तिला येत होतं तेवढ्या मराठीत आवाहन केलं, "आजी, ये. बस. इथे."

तंजावूर आजी नव्हे. नुसती आजी. पीठ वाटता वाटता मी ते ऐकलं. पुन्हा कांदा चिरावा लागला.

कीर्तना कबूल केल्याप्रमाणे पुरे चौदा दिवस राहिली. भवानीबाईही पुरे चौदा दिवस राहिल्या! आणि शेवटच्या संध्याकाळी ती चेटकीण मेली. कुणी मारली माहीत आहे? माझ्या सुपारीने! ओळीने तीन सहा टाकले म्हणे. भवानीबाईसुद्धा म्हणाल्या, "सुपारी विहीणबाईंपेक्षा बरी खेळते." मी तेव्हा पायसम ढवळत होते.

त्या सुपारीचं विसर्जन करायचं राहून गेलं, म्हणून ती अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. कीर्तना आता चाळिशीला टेकली. दर रविवारी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आजी, सुपारी कशी आहे?" माझी चौकशी त्यानंतर. मी सांगते, मजेत आहे. काळजी करू नकोस. तुझ्या आजोबांचे सगळे दात आता पडले आहेत.